पाणी लांब, पाऊस जवळ

शुक्रवार, जूनचा तिसरा आठवडा. रात्री उशिरा.

मुळशी धरणाच्या काठावर आठ टेबलं आणि चार खोल्या एवढंच हॉटेल असेल, तर वर्षातला अवघड महिना हाच. धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाऊन जाऊन तळाला टेकलेलं असतं. दिवाळीत ज्या टेबलाच्या पायाशी लाटा चुबकतात, तिथून आता भेगाळलेला गाळ दिसतो आणि पाणी त्याच्याही पलीकडे. फोनवर ‘अगदी पाण्याला लागून आहे ना?’ असं विचारलं, तर खरं सांगून टाकावं. फोटो ऑगस्टचे आणि पाहुणे जूनचे, हे जमत नाही. रुसलेल्या माणसाला कितीही सुंदर ताटली दिली तरी त्याला ती लागत नाही.

पाण्यापेक्षा जास्त छळतात ते पावसाळी किडे. दुपारी सर येऊन गेली की तिन्हीसांजेला पंखवाली वाळवी उठते आणि थेट दिव्यावर येते. पंख गळून पडतात ते सूपमध्ये. सूर्यास्त सव्वासातच्या आसपास, म्हणून पहिले दोन पदार्थ पावणेसातला बाहेर अंगणात द्यायचे आणि सव्वासातला सगळ्यांना आत घ्यायचं. बाहेरचे दिवे पूर्ण बंद. चाळीसेक फुटांवर एक भक्क पांढरा दिवा लावून त्याखाली पाण्याचं पसरट घमेलं ठेवायचं. किडे तिकडे जातात, तास-पाऊण तासात ओसरतात. आतले दिवे पिवळे आणि मंद ठेवावेत, त्यांच्याकडे किडे कमी येतात. काचेच्या चिमणीशिवाय मेणबत्ती ठेवणं म्हणजे दर पाच मिनिटांनी काडी ओढणं.

आता मासा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्री मासेमारी बंद असते, त्यामुळे पापलेट-सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला बर्फातला जुना मासा खावा लागतो. या दिवसांत गोड्या पाण्यातलाच मासा खरा. मरळ सगळ्यात सोयीची: काटे कमी, मांस घट्ट. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून टबातल्या थोड्या पाण्यातही जिवंत राहते. फक्त वर जाळी हवी, नाहीतर सकाळी फरशीवर सापडते.

रोहू-कटला स्वस्त, पण दोन दुखणी. एक, चिखलाचा वास. तो माशाच्या कातडीत, चरबीत आणि कडेच्या लांबट काळपट मांसात बसतो. ती पट्टी सुरीने काढून टाकली की अर्धा वास गेला. उरलेल्यासाठी मीठ-हळद चोळून धुवायचं, मग चिंचेचा कोळ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं. तास-दोन तास ठेवलं तर आंबटाने मांस आवळतं आणि तव्यावर तुकडे पडतात. दुसरं दुखणं, मांसात विखुरलेले बारीक दुबेळके काटे. ते चिमट्याने निघत नाहीत. कातडी खाली ठेवून धारदार सुरीने तीन-तीन मिलिमीटरवर आडवे काप द्यायचे. कातडी कापायची नाही, काटे कापले जातानाचा ‘कर्र’ असा आवाज मात्र यायला हवा. आवाज आला नाही तर सुरी बोथट आहे किंवा काप उथळ गेलाय. मग कडक तेलात तळला की तुटलेले काटे कुरकुरीत होऊन विरून जातात. एका माणसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम पुरे. सात पदार्थांच्या जेवणात याहून मोठा तुकडा म्हणजे पुढच्या भातावर अन्याय.

आणि भात तर इथला मान आहे. मुळशी-मावळ म्हणजे आंबेमोहोराचा पट्टा. मात्र त्याचं पीक कमी येतं, म्हणून पुष्कळांनी इंद्रायणी धरला. दुकानात आंबेमोहोराच्या नावाने दुसराच बारीक तांदूळही सर्रास गळ्यात मारतात. मूठभर तांदूळ तळहातावर चोळून हुंगावा, शिजताना तर वास दारापर्यंत यायला हवा. नवा असेल तर वाटीला पावणेदोन वाट्या पाणी, वर्षभर जुना असेल तर सव्वादोन. वीस मिनिटं भिजवायचा, शिजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवायचा. मूद पाडताना वाटीला तुपाचा हात लावायचा आणि भात नुसता सोडायचा. डावाने दाबला की शितं मोडून लगदा होतो. ताटली कोमट हवी, कारण काठावरच्या वाऱ्यात थंड ताटलीवरचा भात दोन मिनिटांत निवतो. ज्या खाचरांत हा तांदूळ पिकायचा, त्यातली कित्येक याच पाण्याखाली आहेत. ती बुडू नयेत म्हणूनच १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत मावळे सत्याग्रहाला उभे राहिले होते. ताटलीच्या सजावटीपेक्षा हे दोन वाक्यांत सांगणारा वाढपी मला जास्त मोलाचा वाटतो.

खोल्यांचं दुखणं म्हणजे ओल. सोमवार ते गुरुवार बंद राहिलेली खोली शुक्रवारी कुबट येते. उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडायच्या, गाद्या भिंतीला उभ्या करायच्या, कपाटाची दारं सताड ठेवायची. डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. तो वास पाहुण्याच्या कपड्यांबरोबर जेवणाच्या टेबलावर येतो आणि आंबेमोहोराला मारतो. अर्धवट वाळलेला टॉवेल आंबूस येतो, म्हणून प्रत्येक खोलीला तीन जोड: एक वापरात, एक धुण्यात, एक फळीवर.

सौर बंब ढगाळ दिवसांत कामाचा नाही. चार गिझर दोन-दोन किलोवॉटचे, वर ओव्हन तीनचा, म्हणजे अकरा. पाहुणे साडेसहाला आंघोळीला जातात, ओव्हनही तेव्हाच चालू, आणि नेमकी लाइट जाते. छोटा जनरेटर एवढा भार घेत नाही, बसतो. म्हणून साठवणीचे गिझर पाचच्या आत तापवून बंद करायचे.

सकाळच्या आंबोळीचं पीठ रात्री साडेदहाच्या आत वाटून ठेवलेलं असावं. या हवेत ते रात्रभरात चढतं, सातला तवा टाकता येतो. पण मीठ सकाळीच घालायचं.