बारा अधिक ड्रायव्हर: पिवळ्या पाटीची ट्रॅव्हलर घरची करताना

आमच्या घरात माणसं अकरा. अण्णा, आई, काकू, भावोजी-जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची दोन. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात कुणाची कुणाला अडचण होत नाही, ती होते रस्त्यावर. तुळजापूरला किंवा गणपतीपुळ्याला जायचं म्हणजे दोन गाड्या, दोघं चालवणारे, दोनदा टोल आणि कोण कुठल्या गाडीत बसणार यावरून निघायच्या आधीच रुसवेफुगवे. काकू आईंना सोडून बसत नाहीत, मुलं एकमेकांना सोडत नाहीत. मग वाटेत गाड्या कडेला घेऊन पोरांची अदलाबदल ठरलेली. भाड्याची ट्रॅव्हलर करून पाहिली. सोय होती, पण ड्रायव्हरच्या जेवणाची, झोपण्याची आणि किलोमीटरच्या हिशोबाची काळजी सगळ्या सहलीभर डोक्यावर. "असली एक आपलीच का नको?" असं आधी अण्णाच म्हणाले, म्हणून कुणी हसलं नाही.

सात-आठ सीटच्या गाड्या बघायचा प्रश्नच नव्हता. फोर्सची सिटीलाइन सगळ्यांना आवडली. सगळ्या सीटा पुढे तोंड करून, गाडी फार अवाढव्यही नाही. पण ती ड्रायव्हर धरून दहा जणांची. एक माणूस उरतो. भावोजी म्हणाले, "मी बुलेटवरनं मागनं येतो." ट्रॅक्स क्रूझरला मागे समोरासमोर आडवी बाकडी. आईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्या बाकड्यावर त्या आंबा घाट उतरणार नाहीत. फोर्सच्याच मोठ्या अर्बानियात जाऊन बसलो आणि उठावंसं वाटेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून दहा किंवा जास्त माणसांच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ती स्वस्तही झाली होती. तरी वर्षातल्या चार सणांसाठी आणि दोन जत्रांसाठी एवढे लाख घालणं गूळ अडतीच्या घराला पटण्यासारखं नव्हतं.

राहिल्या दोन जुन्या: टाटाची विंगर आणि फोर्सची ट्रॅव्हलर. माझं मत विंगरला होतं. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, मागे जाणारा शाफ्ट नाही, म्हणून तिचा तळ खाली बसतो आणि पायरी ठेंगणी होते. आई सहज चढल्या. पण उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, माणसांनी भरलेली गाडी पावसात घाट चढताना जोर मागच्या चाकांवर पाहिजे. ट्रॅव्हलरचा सांगाडा मर्सिडीजच्या जुन्या टी-१ व्हॅनचा, बजाज टेम्पोने १९८० च्या दशकात भारतात बनवायला घेतलेला. इतकी वर्षं तीच गाडी रस्त्यावर असल्यामुळे कागलपासून कात्रजपर्यंत कुठल्याही गॅरेजात ती उघडता येते. हा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. पायरीचं काय ते आपण करून घेऊ, असं ठरलं.

गाडी मिळाली ती २०१८ ची, ३०५० व्हीलबेसची, म्हणजे ट्रॅव्हलरमधली आखूड. बारा सीटा अधिक ड्रायव्हर. एमएच-०९ चीच, टुरिस्ट परमिटवर चाललेली, पाटी पिवळी, म्हणजे भाड्याच्या गाडीची. मालक कागलचे, स्वतः चालवणारे, त्यामुळे गाडी नीट होती. व्यवहार दिवाळीनंतर ठरला. नेमका तेव्हा गुळाचा हंगाम, हे आणि भावोजी पहाटेपासून मार्केट यार्डात. कागदपत्रांची फाइल माझ्या हातात आली. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे फॉर्मचं भय मला नाही.

पिवळ्याची पांढरी, म्हणजे भाड्याची गाडी खासगी करणं म्हणजे नुसतं पाटी रंगवणं नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण क्रम कुणी नीट सांगत नाही. परमिट ज्याच्या नावावर, सरेंडर त्यानेच करायचं. गाडी आपल्या नावावर झाली आणि परमिट जुन्या मालकाच्या नावावर लटकत राहिलं, की पुढचं सगळं अडतं. म्हणून मी इसारपावतीतच लिहून घेतलं: परमिट सरेंडरची पावती आणि कर भरल्याचा दाखला हातात आल्यावरच शेवटचा हप्ता. मालकांना ते आधी लागलं. "वहिनी, विश्वास न्हाई व्हय?" मी म्हटलं, तुमच्यावर आहे, सरकारी संगणकावर नाही. ते हसले आणि सही केली. मग त्यांच्याकडची ई-चलनं निघाली, ती त्यांनी भरली. फायनान्स कंपनीचं कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावरचा, बोजा तसाच. कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ जोडून तो उतरवला. जुनी गाडी घेणाऱ्याने आरसीवर बोजा आहे का, हे इंजिन बघायच्या आधी बघावं.

त्यानंतर नावबदल. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, आधार, पॅन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. ही प्रिंट म्हणजे नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. मी चिकटपट्टीचे तुकडे बरोबर नेले होते, ते रांगेत सगळ्यांना पुरले.

आणि मग वर्गबदल, म्हणजे ट्रान्सपोर्टची नॉन-ट्रान्सपोर्ट. मोटार वाहन कायद्यात भाड्याने सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी नेणारी गाडी मॅक्सीकॅब. तीच भाड्यासाठी नसेल, तर ती कार होत नाही, ती होते ओम्नीबस, खासगी वापराची. कारण ओम्नीबस म्हणजे ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसांसाठी बांधलेली कुठलीही गाडी. आरटीओतल्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज बघून विचारलं, "शाळेची का कंपनीची?" मी म्हटलं, घरची. "घरची म्हणजे?" "घरात अकरा माणसं आहेत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि रेशनकार्डाची झेरॉक्स मागितली. ती नियमात होती की त्यांच्या कुतूहलात, माहीत नाही. मी दिली.

पुढे गाडी पासिंगच्या मैदानावर न्यायची. निरीक्षकांनी चेसिस नंबर पडताळला, सीटा मोजल्या, दिवे बघितले. काचेवरची 'टुरिस्ट' ही अक्षरं आम्ही आदल्या रात्री ब्लेडने खरवडून काढली होती. पुढच्या काचेवरचं 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' मात्र ठेवलं. अण्णांनी तेवढ्यासाठीच गाडी पसंत केली असावी असा माझा संशय आहे. शेवटी एकरकमी कर. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होत जातो, म्हणून नव्या गाडीइतका बसला नाही. बदल्यात दर वर्षा-दोन वर्षांचं फिटनेस गेलं आणि नोंदणी मूळ तारखेपासून पंधरा वर्षं, म्हणजे २०३३ पर्यंत धरली. ट्रान्सपोर्ट गाडीला आठ वर्षं झाली की पर्यावरण कर सुरू होतो, खासगीला तो पंधराव्या वर्षानंतर. आमची गाडी २०२६ मध्ये आठची होणार होती, तेवढं वाचलं. एचएसआरपीच्या (उच्च सुरक्षेच्या) पांढऱ्या पाट्या लागल्या तेव्हा जाऊबाईंनी नारळ फोडला.

विम्याचं वेगळं. जुना विमा भाडोत्री प्रवासी वाहनाचा. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, तो दिला. पण वर्ग बदलल्यावर खासगी ओम्नीबसची पॉलिसी मागितली, तर एका कंपनीच्या एजंटाने "असा पर्याय स्क्रीनवर नाही" म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या कंपनीत आरसी नेऊन दाखवली आणि पॉलिसी निघाली. फोनवर हे काम होत नाही.

मधेच नात्यातल्या एका मामांनी घाबरवलं, "ही गाडी चालवायला बॅज लागतोय." म्हणजे भाड्याची गाडी चालवणाऱ्याचा बिल्ला. लागत नाही. साध्या चारचाकीच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं हलकं वाहन चालतं, आणि ट्रॅव्हलर भरून वजन केली तरी त्याच्या बरीच खाली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये तर त्या वजनापर्यंतच्या ट्रान्सपोर्ट गाडीलाही तेच लायसन पुरतं असं सांगितलं. आमची तर आता ट्रान्सपोर्टही नाही.

सगळं झालं असं वाटलं तेव्हा फास्टॅगने दमवलं. जुना टॅग मालकांच्या नावावरचा, तो बंद करून नवा घेतला. पहिल्याच पुणे फेरीत किणीला, तासवड्याला, आणेवाडीला, खेड-शिवापूरला, चारही नाक्यांवर कारचा नव्हे, मिनीबसचा टोल कापला गेला. टॅग देणाऱ्या बँकेचं म्हणणं, आरसीवर आसनक्षमता १३, म्हणून मिनीबस. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांत कार-जीप-व्हॅनचा वर्ग आहे तो ड्रायव्हर सोडून बारा प्रवाशांपर्यंत. आणि आरसीवरचा तेराचा आकडा ड्रायव्हर धरून असतो. बारा अधिक एक. एवढं साधं गणित समजावायला मला ईमेल, पुन्हा ईमेल, आरसीचे फोटो, गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि नियमाचं कलम अधोरेखित करून पाठवावं लागलं. भावोजी म्हणत होते, सोड, किती रुपयांचा फरक आहे. पण वर्ग चुकीचा राहिला तर तो दर नाक्यावर, दर फेरीला कापला जाणार. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला टोलचा वार्षिक पासही खासगी कार-जीप-व्हॅनसाठीच आहे. वर्ग दुरुस्त झाला, जादा कापलेले पैसेही आले. म्हणून सांगते, तेरा प्रवासी सीटांची गाडी स्वस्तात मिळाली तरी घरासाठी घेऊ नका. त्या एका सीटेपायी टोलचा वर्ग बदलतो.

गाडीचं म्हणाल, तर रिकामी असली की मागचे स्प्रिंगचे पाटे खड्ड्याखड्ड्याला उडवतात. अकरा जण आणि डब्यांच्या पिशव्या भरल्या की तीच गाडी शहाण्यासारखी बसते. सहापदरीकरणाच्या कामातल्या वळणवाटांवर उंच बसल्याचा फायदा कळतो. डिझेल हायवेला लिटरला दहा-अकरा देते. दोन गाड्यांच्या मानाने परवडतं, एकट्याने भाजी आणायला नाही. वेगाला ८० वर अडवणारा गव्हर्नर खासगी गाडीला सक्तीचा नाही, काढता आला असता. आई म्हणाल्या, राहू दे. राहिला. आईंसाठी उद्यमनगरात चेकर्ड प्लेटची सुटी पायरी करून घेतली. दार उघडलं की खाली ठेवायची, चढल्या की आत. गाडीला वेल्डिंगचा टाकाही लावला नाही, त्यामुळे पुन्हा मंजुरीची भानगड नाही.

मंगळवार पेठेच्या बोळात ती येतच नाही. कळंब्याजवळ नात्यातल्यांचा मोकळा प्लॉट आहे, तिथे उभी असते. सहलीच्या दिवशी मी स्कूटरवरून जाऊन ती आणते. मॉलच्या तळघरात छत आडवं येतं, महाद्वार रोडचा तर विचारही करू नये. रिव्हर्सला यांच्यापेक्षा माझा हात बरा, हे आता घरात मान्य झालंय. गंगावेशीत सिग्नलला थांबले की बुट्टी घेतलेली एखादी मावशी काच वाजवते, "कळ्याला जाणार काय?" वडापचीच, म्हणजे माणशी पैसे घेऊन भरणारी, गाडी वाटते सगळ्यांना, पाटीचा रंग कोण बघतंय. सुरुवातीला यांना लाज वाटायची. मला नाही. पाऊस असेल आणि वाटेवरचं असेल तर मी मावशींना बसवते. पैसे मात्र घेत नाही.

पैशाचा हा मुद्दा पुढे बऱ्याच ठिकाणी आडवा आला. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली आणि काही झालं, तर विमा हात वर करतो. "भाडं नको, डिझेल टाकतो" हेही मी धरत नाही, कारण डिझेल कुठे संपतं आणि भाडं कुठे सुरू होतं हे लग्नघरात कुणी मोजत नाही. नात्यातल्या दोन लग्नांना नाही म्हटलं, थोडे राग झाले. तालमीच्या पोरांना फुटबॉलच्या सामन्याला सांगलीला जायचं होतं, त्यांनाही गाडी दिली नाही, पण रविवार होता म्हणून मी स्वतः घेऊन गेले. पोरं बारा आणि मी. तेरावा एक किटबॅग घेऊन दारात उभा होता, "वहिनी, पायरीवर बसतो की." त्याला एसटीनं पाठवला.