पिल्लाची जाहिरात बघताना किमतीच्या आधी काय बघायचं?

इंग्लंडमध्ये कुत्र्याच्या पिल्लाची ऑनलाइन जाहिरात उघडली की आधी लायसन्सचा नंबर शोधायचा. वर्षात तीन किंवा जास्त वेतांची पिल्लं विकणाऱ्याला, आणि धंदाच असेल तर त्याहून कमी वेतं असली तरी, २०१८ च्या नियमांप्रमाणे कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं. नंबर, कौन्सिलचं नाव, पिल्लाचं वय, ओळखू येईल असा फोटो, जन्माचा देश हे सगळं जाहिरातीत द्यावं लागतं. ६ एप्रिल २०२० पासून ‘लूसी कायदा’ही आहे. वेल्समधल्या एका पिल्लांच्या कारखान्यातून सोडवलेल्या कुत्रीचं नाव त्याला दिलंय. सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाने विकायचं नाही. घ्यायचं तर थेट ब्रीडरकडून, म्हणजे पैदास करणाऱ्याकडून, नाहीतर शेल्टरमधून, म्हणजे टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या आसऱ्यातून. ब्रीडरने पिल्लू जन्मलं त्या जागी, आईसोबत दाखवायचं.

शेल्टरमधली गर्दी कमी करायची तर सुरुवात या जाहिरातीपासूनच होते. याचा तिच्याशी काय संबंध, असं बेळगावात कुणीही विचारेल. संबंध सरळ आहे. पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्यापर्यंत माणसं, आवाज, इतर कुत्री यांना सरावतं. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडून खोक्यात घालून पाठवलेलं पिल्लू पुढे भित्रं किंवा चावरं होण्याची शक्यता जास्त. वर्षभराचं झालं, अंगाने वाढलं, की घरचे हात टेकतात आणि त्याची रवानगी शेल्टरमध्ये होते. दुसरं कारण आजार. पार्वो या पिल्लांच्या ओकारी-जुलाबाच्या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. विकताना टुणटुणीत असलेलं पिल्लू तुमच्या घरी येऊन ओकायला लागतं आणि तोवर विकणाऱ्याचा फोन बंद!

पळवाटा इंग्लंडच्या नियमांतही आहेत बघा की. वर्षाला एक-दोन वेतं काढणारे ‘घरगुती’ म्हणून लायसन्समधून सुटतात. काही जण भाड्याच्या घरात दुसरीच कुत्री आणून बसवतात. अशा वेळी तिचे सड बघायचे: पाजणाऱ्या आईचे लोंबतात, आणि पिल्लं तिच्याकडेच धावतात. परदेशातून इंग्लंडात आणलेलं पिल्लू असेल तर नुसता हिशेब करा. रेबीजची लस बाराव्या आठवड्याआधी चालत नाही, त्यावर २१ दिवस थांबायचं, म्हणजे पंधरा आठवड्यांखालचं पिल्लू कायद्याने देशात येऊच शकत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. केंद्राचे कुत्रा प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत: ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, आठ आठवड्यांखालच्या पिल्लाची विक्री बंद, दीड वर्षाआधी कुत्रीचं प्रजनन नाही, आयुष्यात पाचच वेतं. सीमाभागाचा घोळ असा, की महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळी नाका ओलांडला की मंडळ बदलतं. पिल्लू कोल्हापूरचं, गिऱ्हाईक निपाणीचं, व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर. तक्रार कुठे करायची हेच लोकांना कळत नाही. म्हणून कुत्री जिथे ठेवलेली आहे, त्या राज्याच्या नोंदणीचा दाखला आधीच मागून घ्या.

इसारा फोन-पेवर टाकण्याआधी व्हिडिओ कॉल लावा आणि आई व पिल्लं एकाच चौकटीत दाखवायला सांगा. जुना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका. लसीच्या कार्डावर कुपीचं स्टिकर, बॅच नंबर आणि डॉक्टरांचा शिक्का हवा; नुसत्या पेनने लिहिलेल्या तारखांना अर्थ नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, सोळा आठवड्यांपर्यंत. पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी नंबर डॉक्टरांकडच्या स्कॅनरवर जुळवा आणि मालकाचं नाव बदलून घ्या. ही पायरी इंग्लंडमध्येही बरेच जण विसरतात, मग सापडलेलं कुत्रं कुणाचं ते शेल्टरला कळत नाही. ‘पुढे जमलं नाही तर परत घेईन’ हेही लिहून मागा. चांगला ब्रीडर आढेवेढे घेत नाही, आणि परतीची सोय असली की कुत्रं रस्त्यावर येत नाही. कारण कायद्याचा धाक म्हणाल, तर जनावर बेवारस सोडल्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! इंग्लंडात कुत्र्याला चिप नसली तरी दंडात ५०० पौंडांपर्यंत जातात.

मुधोळ हाउंडच हवा असेल तर इन्स्टाग्रामवरच्या रीलआधी बागलकोट जिल्ह्यातल्या तिम्मापूरच्या सरकारी श्वान संशोधन केंद्रात चौकशी करा. या जातीचं संवर्धन तिथे चालतं. पण ते पळणारं शिकारी कुत्रं आहे. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते नको.