वॉर्डातला ताण ड्युटी लिस्टमध्येच सापडतो

12 मे, म्हणजे परिचारिका दिन जवळ आला की रुग्णालयांत ताणमुक्तीवर व्याख्यानं होतात, प्राणायामाचं एखादं सत्र होतं. व्हावं, त्याला हरकत नाही. पण जनरल वॉर्डातली सिस्टर थकते कशाने हे समजून घ्यायचं असेल तर आधी सकाळच्या इंजेक्शनांचा हिशेब मांडायला हवा.

30 खाटांचा मेडिसिन वॉर्ड धरू. त्यातल्या 15 रुग्णांना सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हे अँटिबायोटिक 1 ग्रॅम शिरेतून द्यायचं आहे. व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, 10 मिली स्टराइल वॉटर घालायचं, पावडर पूर्ण विरघळेपर्यंत हलवायची, रुग्णाचं नाव आणि अ‍ॅलर्जी विचारायची, व्हेनफ्लॉन, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, सलाईनने धुवून फ्लश करायचा, औषध 2 ते 4 मिनिटं सावकाश द्यायचं आणि पुन्हा फ्लश करायचं. आरएल (रिंगर लॅक्टेट ही सलाईन) चालू असेल तर ती थांबवून लाईन नॉर्मल सलाईनने धुवून घ्यायची, कारण आरएलमधल्या कॅल्शियममुळे या औषधाचा साका होऊ शकतो. मग केसपेपरवर वेळ आणि सही. एका रुग्णामागे 6 मिनिटं लागली तरी हे एकच औषध दीड तास खातं. त्याच वेळात इन्सुलिन, बीपीच्या नोंदी, डॉक्टरांचा राउंड, डिस्चार्जचे कागद, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) आणि दर दोन मिनिटांनी “सिस्टर, सलाईन संपली” हेही चालूच असतं.

पाळीत एकटीच सिस्टर असेल तर पुढे काय घडतं तेही ठरलेलं आहे. 3 मिनिटांचं इंजेक्शन अर्ध्या मिनिटात जातं, फ्लश राहून जातो, शीर दुखायला लागते, सुजते. दुपारी त्याच रुग्णाला नवीन व्हेनफ्लॉन लावावा लागतो. त्यात 10 मिनिटं जातात, रुग्णाला पुन्हा टोचलं जातं आणि नातेवाईकांचं बोलणं ऐकावं लागतं ते वेगळंच.

इथे अंग दुखतं ते चालवून घेता येतं. टोचतं ते हे, की योग्य पद्धत पाठ असून ती पाळता येत नाही. अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचारिकांच्याच संदर्भात हा नैतिक ताण मांडला होता: काय करायला हवं ते कळतं, पण संस्थेची घडी ते करू देत नाही. कामातलं समाधान आधी इथेच आटतं. पगार वाढायलाच हवा, पण पगार वाढला म्हणून हा सल जात नाही.

आता माणसांचा हिशेब. एक जागा तिन्ही पाळ्यांत भरलेली ठेवायची तर वर्षाला 365 गुणिले 3, म्हणजे 1095 ड्युट्या होतात. एका सिस्टरच्या 52 साप्ताहिक सुट्या, 30 अर्जित आणि 8 नैमित्तिक रजा वजा केल्या की 275 दिवस उरतात. म्हणजे एका जागेला 4 जणी हव्यात, आणि त्यात सणवार, आजारपण, बाळंतपणाची रजा, नाईट ऑफ (रात्रपाळीनंतरची सुटी) हे काहीच धरलेलं नाही. प्रत्येक पाळीत दोघी हव्या असतील तर 8 हा अगदी तळाचा आकडा. वॉर्डात 6 जणी असतील तर उरलेल्या ड्युट्या कोणाच्या तरी रद्द झालेल्या ऑफमधून किंवा डबल ड्युटीतून निघतात.

माणसं वाढवणं वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्ज सिस्टरच्या हातात नसतं. लिस्ट मात्र तिच्या हातात असते, आणि चांगल्या लिस्टने खरोखर फरक पडतो. क्रम मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट असा पुढे सरकवावा. शरीराचं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालतं, त्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर उठणं जड जातं. इव्हिनिंग रात्री 8 ला संपली आणि दुसऱ्या दिवशी 8 ला मॉर्निंग लावली तर कागदावर 12 तास दिसतात. त्यातून ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देणं), लोकल किंवा एसटी, स्वयंपाक आणि सकाळचा डबा वजा केला की झोप जेमतेम 5 तास मिळते. नाईट उतरलेल्या सिस्टरला त्याच दिवशी दुपारी 2 ला बोलावणं तर कोणत्याही अडचणीत करू नये.

पहाटे 3 ते 5 मध्ये लक्ष सर्वांत कमी असतं. दोघी असतील तर आळीपाळीने 20 ते 30 मिनिटं डोळा लागू द्यावा, आणि उठल्यावर लगेच इंजेक्शन भरायला घेऊ नये. एकटी असेल तर निदान पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल स्टराइल वॉटरच्या शेजारी राहणार नाहीत हे संध्याकाळीच बघावं. झोपेत चुकणारा हात तिथेच चुकतो, आणि ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

ओव्हरसाठी दोन पाळ्यांमध्ये 15 मिनिटं लिस्टमध्येच धरावीत. नाहीतर ती रोज कोणाच्या तरी घरी जायच्या वेळेतून जातात. 30 रुग्णांना 15 मिनिटं म्हणजे एकाला अर्धा मिनिट, म्हणून सगळ्यांचं सगळं सांगत बसू नये. 5-6 गंभीर रुग्ण खाटेपाशी उभं राहून सविस्तर सांगावेत. बाकीच्यांचं फक्त राहिलेलं काम सांगावं: रक्ताचा रिपोर्ट यायचाय, उपाशी ठेवलंय, लघवी मोजायचीय.

मारहाण-शिवीगाळीचं भय वेगळं. 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तीवरचा हिंसाचार दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे; 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तक्रार द्यायला सिस्टरला एकटीला पाठवू नये. प्रशासनाने ती संस्थेच्या नावाने द्यावी.

मेट्रनकडे, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेकडे, “माणसं द्या” म्हटलं की “सगळीकडेच कमी आहेत” हे उत्तर येतं. म्हणून इन्चार्जने एक वही ठेवावी. रद्द झालेले ऑफ, डबल ड्युट्या, पाळी संपल्यावर थांबावं लागलेली मिनिटं, तारखेसकट. महिन्याच्या शेवटी त्या पानाची बेरीज करून पत्राला जोडावी आणि आवक क्रमांक घ्यावा.