घरासमोरची सहा मीटर पॉपी

"अफू पेरतेयस की काय?" फोनवर आईचा पहिला प्रश्न. तिच्या लेखी पॉपी म्हणजे खसखस. मी सांगितलं, अनारशाला लावतो ती खसखस वेगळ्या झाडाची. ही इथल्या गव्हाच्या शेतातली तांबडी पॉपी, हिच्यात अफू नसते.

इंग्लंडच्या दक्षिणेत आमच्या घराचं कुंपण आणि रस्ता यांच्यामध्ये सहा मीटर लांब, मीटरभर रुंद गवताची पट्टी आहे. मला वाटलं होतं, मूठभर बी टाकलं की झालं. पण जागा रस्त्याची. हायवेज ॲक्ट १९८० च्या कलम १४२ खाली लागवडीचा परवाना काढावा लागला. अर्ज, नकाशा, जमिनीखालून गॅस आणि विजेच्या लाइनी कुठून गेल्यात त्याची माहिती, शिवाय विमा. वळणावर गाडीवाल्याला समोरचं दिसायला हवं, म्हणून झाडं किती उंच होतील तेही लिहून द्यायचं. चार महिने गेले, पण ही अट मला पटली.

परवाना आल्यावर मी दोन पोती कंपोस्ट मिसळलं. तिथेच चुकलं. सकस मातीत गवतच माजतं, पॉपीला डोकं वर काढता येत नाही. जी थोडी रोपं तगली, त्यांना मे महिन्यात कळ्या आल्या आणि एका सकाळी गवत कापणारं यंत्र सगळ्यांवरून फिरून गेलं. फार वाईट वाटलं.

शेजारचे आजोबा म्हणाले, "हिला उकरलेली जमीन लागते." त्यांच्या लहानपणी गहू तांबड्या ठिपक्यांनी भरायचा, पुढे तणनाशकं आली. पॉपीचं बी मातीत गाडलेलं कित्येक दशकं जिवंत राहतं आणि वर येऊन उजेड मिळाला की रुजतं. पहिल्या महायुद्धात तोफांनी उलथलेल्या बेल्जियममधल्या फ्लॅंडर्सच्या जमिनीवर ती उगवली ती यामुळेच. दर नोव्हेंबरात इथली माणसं युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत छातीवर पॉपी लावतात. मीही अनेक वर्षं लावत होते, पण हे कारण मला तेव्हा कळलं.

सप्टेंबरात गवत मुळासकट आणि वरची कंपोस्टाची माती काढून टाकली. दाताळ्याने जमीन खरवडली. बी धुळीसारखं बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरलं. वर माती अजिबात लोटली नाही, नुसतं पायांनी दाबलं. रोपं उपटून दुसरीकडे लावायचा मोहही टाळला, कारण सोटमूळ दुखावलं की ती मरतात. आणि या वेळी चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून पाटी लावली.

थंडीभर जमिनीलगत पानांची छोटी चक्रं होती. जूनमध्ये मान खाली घातलेल्या केसाळ कळ्या एकेक करून सरळ झाल्या आणि आतून चुरगळलेल्या तांबड्या पाकळ्या उलगडल्या. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण रोज नवी उमलत होती. सकाळी मधमाश्या परागासाठी यायच्या. शाळेत जाणारी मुलं थांबायची. आजोबा काठी टेकत आले आणि बराच वेळ काही न बोलता उभे राहिले.

आता बोंडं वाळली आहेत. वारा आला की झाकणाखालच्या भोकांतून बी सांडतं. जमीन तशीच सोडली तर पुढच्या वर्षी पुन्हा गवतच येईल, म्हणून रविवारी दाताळं घेऊन बाहेर पडणार आहे.