सिस्टर, तुमच्या हातात किती येतात?

मुंबईत घरच्या पेशंटसाठी नर्स हवी म्हणून नर्स पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन केला की पहिला प्रश्न येतो, "बारा तास की चोवीस?" पेशंटला नळी कुठली आहे, तो स्वतः कूस बदलतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, हे नंतर. कधी कधी तेही विचारत नाहीत. दर मात्र त्या पहिल्या प्रश्नावरच ठरून गेलेला असतो. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे, आणि गेली काही वर्षं मी होम ड्यूटीच करते. आमचा दर तासावर ठरतो तो कामावर ठरायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

दादरला हिंदू कॉलनीत एका आजोबांची नाइट ड्यूटी होती. स्ट्रोकनंतर गळ्याला ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी छेद देऊन बसवलेली नळी, नाकातून भरवायची राइल्स ट्यूब, लघवीसाठी कॅथेटर, आणि कमरेखाली नुकता भरत आलेला बेडसोर. एका रात्री तीनच्या सुमारास छातीतून खरखर ऐकू यायला लागली. ऑक्सिमीटरवर ९६ चे ९१ झाले, मग ८८. हात धुतले, निर्जंतुक ग्लोव्ह घातले, सक्शन केलं, म्हणजे मशीनच्या बारीक नळीने गळ्यातला कफ ओढून काढला. ही बारीक नळी आत घालताना सक्शन बंद ठेवायचं, बाहेर काढताना चालू करायचं, आणि सगळं दहा-पंधरा सेकंदांत उरकायचं. जास्त वेळ लागला तर कफाबरोबर पेशंटचा ऑक्सिजनही ओढला जातो. तरी आकडा वर येईना. गळ्यातल्या नळीच्या आतली कॅन्युला, म्हणजे काढता येणारी छोटी नळी, काढून बघितली तर वाळलेला कफ चिकटून नळी निम्मी बंद झालेली. दुसरी स्वच्छ कॅन्युला घातली, वाफेसारखं औषध देणारा नेब्युलायझर लावला, पुन्हा एकदा सक्शन केलं. हळूहळू ९५ दिसले. शेजारच्या खोलीत आजोबांच्या पत्नी, आमच्या काकू, झोपल्या होत्या, त्यांना उठवायची वेळ आली नाही.

त्याच काळात माझी एक मैत्रीण पार्ल्यात ड्यूटी करत होती. तिच्या पेशंट आजी चालत्याफिरत्या. शुगर बघायची, जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं, बीपी लिहून ठेवायचं, संध्याकाळी हात धरून गच्चीवर फिरवून आणायचं. तिचं काम हलकं म्हणून कमी मोलाचं, असं मी कधीच म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाशी दिवसभर गोडीने बोलत राहणं सोपं नसतं. पण तिचा आणि माझा दर एकच होता, रुपयाचाही फरक नाही. आयसीयूमध्ये जे काम दोन पाळ्यांच्या नर्सा, डॉक्टर आणि सेंट्रल ऑक्सिजन मिळून करतात, ते घरात एकटीने करायचं, आणि त्याचा दर शुगर तपासण्याइतकाच.

एका सकाळी हिशेबाची वही घेऊन बसलेल्या काकूंनी विचारलं, "सिस्टर, राग मानू नका, पण तुमच्या हातात किती येतात हो?" ब्यूरोने लिहून घेतलेलं असतं की पैशांचं पेशंटच्या घरी बोलायचं नाही. मी सांगून टाकलं. काकू ब्यूरोला एका ड्यूटीचे १,९०० रुपये देत होत्या. माझ्या हातात १,३०० येत होते. त्या थोडा वेळ वहीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, फार तर शंभर-दोनशे कापत असतील."

ब्यूरोने काहीच घेऊ नये, असं मला वाटत नाही. सर्टिफिकेट तपासणं, मला ताप आला तर बदली सिस्टर पाठवणं, घरात कुणी वेडंवाकडं वागलं तर फोन उचलणं, ही सगळी कामं आहेत आणि त्यांना पैसे लागतात. पण ड्यूटी सुरू होताना एकदा नोंदणीचे पैसे घरच्यांकडून घेतलेले असतात. त्यानंतर दर ड्यूटीचे ६०० कशाचे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. एका ब्यूरोने तर माझी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली होती. ती परत मिळवायला किती हेलपाटे घातले, ते माझं मला माहीत.

आता तासांचं बघा. मी नालासोपाऱ्याला राहते, कारण १,३०० रुपये रोजावर दादरला खोली मिळत नाही. ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. सव्वासहाला घर सोडायचं, शेअर रिक्षा, चर्चगेटकडची लोकल, मग चालत. नाइट ड्यूटीचं एक सुख आहे, दोन्ही वेळा गर्दीच्या उलट जायचं असतं, बसायला जागा मिळते. डे ड्यूटीवाल्या पोरींना सकाळी नालासोपाऱ्याहून चढणं म्हणजे काय, ते विरार लाइनवरच्या कुणालाही विचारा. सकाळची सिस्टर वेळेवर आली तर मी पावणेदहाला घरी पोचते. म्हणजे साडेपंधरा तास. १,३०० ला भागा, तासाला ८४ रुपये पडतात. चोवीस तासांच्या ड्यूटीत तासाचा दर वाढत नाही, उलट घटतो. ब्यूरो त्याचे मला १,८०० देतो, म्हणजे तासाला ७५. कारण काय, तर "रात्री झोपताच ना तुम्ही." दर दोन तासांनी कूस बदलायच्या पेशंटशेजारी कोण झोपतं?

महिन्याला सव्वीस ड्यूट्या मिळाल्या तर ३३,८०० होतात. ऐकायला बरे वाटतात. पण सव्वीस मिळतील याची हमी कुणी देत नाही. पेशंट ॲडमिट झाला की त्या दिवसापासून ड्यूटी बंद. मुलगा अमेरिकेहून महिनाभर आला की बंद. आणि पेशंट गेला की त्याच रात्री बंद. ज्यांना दोन वर्षं भरवलं, पुसलं, ज्यांच्या डोळ्यांच्या हालचालीवरून काय हवंय ते कळायचं, ते गेले की आपल्याला रडू येतं, आणि त्याच वेळी खोलीचं भाडं कुठून भरायचं हेही डोक्यात येतं. असा विचार आला म्हणून मी स्वतःला कमी समजत नाही. कुठल्याही माणसाच्या डोक्यात तो येईल.

मी होम ड्यूटीत आले तीसुद्धा पगारामुळेच. शिकल्यावर एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागले होते. तिथे १७,००० मिळायचे आणि अंगठा लावून बारा तास उभं राहायचं. सुप्रीम कोर्टाने २०१६ च्या जानेवारीत ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं होतं. त्या समितीने सांगितलं की २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढाच पगार द्या, १०० ते २०० मध्ये फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० मध्ये फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असतील तरी महिन्याला २०,००० च्या खाली जाऊ नका. राज्य सरकारच्या नर्सचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ३५,४०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, घरभाडं, रजा. छोट्या नर्सिंग होमने ते २०,००० सुद्धा दिले नाहीत. पण निदान तिथे बोट ठेवायला एक आकडा तरी होता. ही सगळी मोजणी खाटांवर आहे. आमच्या पेशंटची खाट त्याच्या स्वतःच्या बेडरूममध्ये असते, ती कुठल्याच मोजणीत येत नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो झाला हे चांगलंच झालं. पण त्यात इंजेक्शन, सक्शन आणि ड्रेसिंगचा दर कसा असेल?

घरच्यांची बाजूही मी रोज बघते. काकूंचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले. डे आणि नाइट, दोन्ही सिस्टरांचे मिळून महिन्याला १,१४,००० जात होते. औषधं, डायपर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं भाडं वेगळं. विमा कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं, घरच्या नर्सचा एक रुपया दिला नाही. त्यांनी एफडी मोडली. अशा बाईला "मला वाढवून द्या" म्हणायला तोंड उघडत नाही. म्हणून मग घरचेच हळूच सुचवतात, "ब्यूरो सोडा, डायरेक्ट या, पंधराशे देतो." दोघांचाही फायदा दिसतो. मी दोनदा विचार करून नाही म्हटलं. डायरेक्ट गेलं की आजारपणात बदली कोण देणार? उद्या घरातलं काही हरवलं आणि बोट माझ्याकडे आलं तर माझ्या बाजूने कोण उभं राहणार? ज्या पोरी एकट्या मुंबईत राहतात त्यांना तर मी डायरेक्ट जाऊच नका म्हणते.

म्हणून मी आता ब्यूरोशीच बोलते. पेशंटला काय काय लावलंय त्याचा कागद आधी मागते. ट्रेकिओस्टॉमी, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) किंवा शिरेतून औषध असेल तर वेगळा दर. ड्यूटी अचानक बंद झाली तर सात दिवसांचे पैसे. माझी सुटायची वेळ झाली तरी पुढची सिस्टर उशिरा आली तर जादा तासांचे पैसे. आणि घरच्यांना मिळणाऱ्या बिलावर सिस्टरचे किती आणि ब्यूरोचे किती, हे दोन आकडे वेगळे छापायचे. पहिल्यांदा मागितलं तेव्हा ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर दहा जणी तयार आहेत." खरं आहे ते. पण सक्शन येणाऱ्या दहा जणी नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यापासून अंधेरीला नवी ड्यूटी आहे, पुन्हा ट्रेकिओस्टॉमीच. १,६५० ठरलेत, सात दिवसांची अट कागदावर आली आहे. उशिराच्या तासांचं आणि बिलावरच्या दोन आकड्यांचं अजून "बघू" चाललंय. तुमच्या घरी सिस्टर असेल तर ते दोन आकडे तुम्ही मागून बघा. आम्ही मागितलं तर ऑफिस टाळतं, बिल भरणाऱ्याने मागितलं तर टाळता येत नाही.