डिझेल रिफॉर्मेटवर सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल: आधी थेंब मोडा

हायड्रोजनवर स्थिर चाललेला सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल (सिरॅमिकच्या थरातून इंधनापासून थेट वीज करणारा) आता डिझेलच्या रिफॉर्मेटवर, म्हणजे डिझेल, वाफ आणि हवेपासून बनवलेल्या हायड्रोजनयुक्त वायूवर, घेतला आहे. अॅनोड (इंधनाकडचा इलेक्ट्रोड) निकेल आणि वायएसझेड (यिट्रियायुक्त झिर्कोनिया) सिरॅमिकचा, क्रियाशील क्षेत्र 81 चौ. सेंमी, भट्टी 750 अंश सेल्सिअस. हा वायू बनवणारा रिफॉर्मर ऑटोथर्मल (लागणारी उष्णता थोडं इंधन हवेत जाळून मिळवणारा), ऱ्होडियम उत्प्रेरक लावलेल्या मोनोलिथचा (जाळीदार ठोकळ्याचा).

24 अँपिअर भार आणि 60 टक्के इंधनवापर (सेलमध्ये गेलेल्या इंधनापैकी विजेसाठी वापरला जाणारा वाटा) धरला तर तासाला जेमतेम 6.4 मिली डिझेल लागतं. वाफ-कार्बन गुणोत्तर 2 (डिझेलमधल्या दर कार्बन अणूमागे पाण्याचे 2 रेणू) आणि ऑक्सिजन-कार्बन 1 (दर कार्बन अणूमागे हवेतल्या ऑक्सिजनचा 1 अणू) ठेवायला तासाला सुमारे 14 मिली पाणी, मिनिटाला 0.34 लिटर हवा.

खरी अडचण इथेच आहे. सिरिंज पंप कितीही अचूक असला तरी सुईच्या टोकाला डिझेलचा थेंब धरतो आणि आठ-दहा सेकंदांनी एकदम पडतो. सरासरी वाफ-कार्बन गुणोत्तर 2 दिसतं, पण थेंब उडून जाताना क्षणभर ते 1 च्याही खाली जातं. इथिलीन (अर्धवट तुटलेल्या डिझेलचा वायू) निसटतं आणि निकेलवर कार्बन बसतो. सेलचं व्होल्टेज त्याच ठेक्यात हलत असेल तर उत्प्रेरकाला दोष देऊ नका. डिझेल सोडणाऱ्या केशनलिकेचं (सुईसारख्या बारीक नळीचं) टोक स्टीलच्या बारीक जाळीच्या वातीला टेकवा म्हणजे थेंब धरतच नाही. डिझेल वाफ-हवेच्या गरम झोतातच उडू द्या. कोरड्या तापलेल्या नळीत ते विघटित होऊन काजळी धरतं.

ओपन सर्किटला (भार न जोडता) 0.95 व्होल्ट आले तर गळती शोधत बसू नका. ओलसर हायड्रोजनवर 1.11 दिसतात, पण रिफॉर्मेटमध्ये हायड्रोजनइतकीच वाफ असते, म्हणून आकडा उतरतो.

बीएस-6 डिझेलमधलं 10 पीपीएम गंधक रिफॉर्मेटमध्ये पाऊण पीपीएम हायड्रोजन सल्फाइड होतं. तेवढंही निकेलला जड जातं. ते शोषून घ्यायला सेलच्या आधी 350 अंशांवर झिंक ऑक्साइडचा थर ठेवावा. तापमान वाढवलं तर वाफेमुळे गंधक परत सुटतं.

बंद करताना क्रम चुकवू नका. सेल गरम असतानाच अॅनोडला नायट्रोजनमधला 5 टक्के हायड्रोजन सुरू करा, रिफॉर्मेट बाहेर वळवा, मग डिझेल आणि हवा एकत्र तोडा. थंड निकेलवर कार्बन मोनॉक्साइड गेला तर अतिविषारी निकेल कार्बोनिल बनतं. रिफॉर्मेटमध्ये कार्बन मोनॉक्साइड सुमारे 8 टक्के असतो, तेव्हा खोलीत अलार्म आणि बाहेर काढणारा पंखा हवाच.

पुढचं काम वातीचं: जाळी किती दिवसांनी काजळीने चोंदते ते दाबाच्या फरकावरून मोजायचं आहे.