शेवंतीच्या पाकळीसारखा गूळ

अकरा वर्षं झाली, मी लेख लिहून घर चालवते. एजन्सीकडून विषय येतो, सोबत मुद्दे येतात, शब्दसंख्या ठरलेली असते आणि पैसे शब्दावर. ४० पैशांपासून सुरुवात केली होती, आता सव्वा रुपयापर्यंत आले आहे. लेखाखाली नाव नसतं. महिनाअखेरीला बिल लावायचं, दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात, कधी वेळेत, कधी दोन महिन्यांनी. या पैशांवर मुलाची फी भरली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. या कामाला मी कधी कमी लेखलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात विषय आला, ‘अस्सल कोल्हापुरी गूळ कसा ओळखावा’. हजार शब्द, संध्याकाळी सहापर्यंत. मुद्द्यांमध्ये चौथ्या नंबरला एक वाक्य होतं आणि पुढे सूचना, ‘हे असंच घ्यावं’. वाक्य असं : ‘शेवंतीच्या पाकळीसारखा पिवळा गूळ अस्सल, काळसर गूळ म्हणजे जुना किंवा भेसळीचा.’

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. ते वाक्य माझं होतं.

आईच्या दारात शेवंतीच्या कुंड्या असायच्या, म्हणून ती पाकळी. दुसऱ्या कुणाला गुळावरून शेवंती सुचेल असं मला वाटत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरात शिरलं, आम्ही सगळे उंचावरच्या नणंदेच्या घरी होतो. लाइट नव्हती. हायवे बंद, बाजारात दूध नाही. त्यात एका लेखाची मुदत होती आणि घरात तेवढेच पैसे येणार होते. मोबाइलची बॅटरी संपायच्या आत मी तो लेख अंगठ्याने टाइप केला. गुळाबद्दल मला काय माहीत होतं? दुकानात पिवळी ढेप पुढे मांडलेली असते, एवढंच. ती बघून वाक्य लिहिलं, कुणाला विचारलं नाही.

इतक्या वर्षांत ते वाक्य किती ठिकाणी फिरलं ते शोधून पाहिलं. सहा लेखांत सापडलं. एकात शेवंतीचा झेंडू झाला होता, बाकी सगळं जसंच्या तसं. आणि आता तेच वाक्य पक्की माहिती म्हणून माझ्याच हातात परत आलं होतं.

साडेनऊला स्कूटी काढली. शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला गेलं की हंगामात गुऱ्हाळांचा धूर लांबूनच दिसतो. ओळख नव्हती. एका गुऱ्हाळघरासमोर थांबले आणि सांगितलं, ‘गुळावर लिहायचंय, बघू का जरा?’ गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल, नजर काहिलीवर, म्हणजे रसाच्या मोठ्या कढईवर. ‘बघा की. पण कडंला हुबं ऱ्हावा, उतू आलं तर पळता भुई थोडी हुईल.’

काहिलीत रस उकळत होता. खाली चुलवाणात एक पोरगा वाळलेली चिपाडं ढकलत होता. रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यांनी वरून सोडला, तशी मळी फेसासारखी वर आली आणि झाऱ्याने ती काढायला दुसरा माणूस पुढे झाला. गुळव्यांचं बोलणं कमी. मधूनच ‘जाळ कमी कर’ एवढंच. मग त्यांनी पाक काठीवर घेऊन थंड पाण्याच्या भांड्यात सोडला, बोटांनी चाचपला, पुन्हा एकदा चाचपला. गोळी झाली. लगेच काहील उतरवली आणि सगळा पाक वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या खळग्यात, ओतला. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली असती तर गूळ करपला असता, नाहीतर घट्ट बसला नसता. थर्मामीटर कुठे दिसला नाही.

मी माझं वाक्य मोबाइलवरून वाचून दाखवलं. ते माझं आहे हेही सांगितलं.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. ‘ताई, रंग रानातनं येतो. खारवट जमिनीतला ऊस असंल तर गूळ काळा. उसाची जात बदलली तर रंग बदलतो. चुना जरा जास्त पडला तरी काळा. त्यात भेसळ कुठं आली?’

‘मग पिवळा?’

‘चांगल्या रानाचा, नीट मळी काढलेला पिवळा येतो की. पण बाजारात पिवळ्याला दर हाय म्हणून कुणी रंग उजळायची हायड्रॉस पावडर बी मारत्यात. लई पिवळा दिसतो. चार म्हैनं ठेवा, परत काळवंडतो.’

आतल्या फळीवरून त्यांनी एक फडकं आणलं. आत गडद तपकिरी खडा होता. ‘ह्यो घरच्यासाठी. काही घातल्याला न्हाई.’ खाल्ला. गोडीआधी उसाचा वास आला, शेवटी जिभेवर किंचित खारटपणा राहिला. माझ्या २०१९ च्या वाक्याप्रमाणे हा गूळ जुना किंवा भेसळीचा होता. माझं वाक्य वाचून कुणीतरी दुकानात असाच गूळ बाजूला सारला असेल, आणि असा गूळ करणाऱ्याच्या दरातून ते गेलं असेल. हे मला तिथे उभं असताना कळलं आणि फार वाईट वाटलं. मी त्यांना म्हटलं, ‘मामा, चुकलं माझं.’ ते म्हणाले, ‘मग आता बराबर लिवा.’

दुपारी एजन्सीतल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मुद्दे क्लायंटने मंजूर केलेत, बदलता येणार नाहीत. क्लायंटची ढेप पिवळी, त्यामुळे ते वाक्य त्यांना हवंच होतं. मी सांगितलं, हे वाक्य मीच लिहिलं होतं, न विचारता लिहिलं होतं, ते चूक आहे, मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. वाटल्यास लेख दुसऱ्याला द्या. १,२५० रुपये जाणार होते, शिवाय त्या दिवसाचा दुसरा लेख रात्रीवर पडला होता. त्यांनी थोडा वेळ मागितला.

मी वाट न पाहता लिहायला बसले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हा मुद्दा यादीत होता, तो ठेवला. रंगावर दोन परिच्छेद लिहिले : रान, उसाची जात, चुना, मळी, आणि भडक पिवळ्या रंगाबद्दल विक्रेत्याला काय विचारावं ते. पिवळा म्हणजे वाईट असंही लिहिलं नाही, कारण ते दुसरं खोटं झालं असतं. पाच पन्नासला पाठवला.

आठला मॅडमचा मेसेज आला. क्लायंटने हायड्रॉसचा उल्लेख काढून टाकला, बाकी ठेवलं. चौथा मुद्दा, म्हणजे माझं जुनं वाक्य, वगळला गेला. हायड्रॉससाठी मी पुन्हा फोन केला, अर्धा तास बोलले, पण ते परत आलं नाही. त्याची हळहळ अजून आहे.

रात्री दुसरा लेख संपवला आणि त्या सहा ठिकाणचे पत्ते काढून प्रत्येकाला पत्र लिहिलं : हे वाक्य मूळ माझं, ते चुकीचं आहे, कृपया बदला, बदली मजकूर सोबत आहे, पैसे नकोत. दोघांनी बदललं. झेंडूवाल्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांना मी दर महिनाअखेरीला, एजन्सीला बिल पाठवताना, पुन्हा लिहिते.